वेफर्सच्या वेबसाइटवरची मुक्ताई

नव्याण्णव सालची गोष्ट. जळगावच्या चुडामणने केळीच्या वेफर्सची वेबसाइट काढली, पहिल्याच पानावर मुक्ताईचा फोटो लावला आणि गावातल्या दुकानांना माल देणं बंद केलं. आता परगावची गिऱ्हाइकं घरबसल्या मिळतील, अशी बिचाऱ्याची आशा. साइटवर येणारे रोज वाढत होते, पण ऑर्डर एकही येईना.

सायबर कॅफेवाल्या बन्सीलालने सगळी माहिती काढून पाहिली. "भाऊ, लोक पहिल्याच पानावरून माघारी फिरतात. वेफर्सपर्यंत कुणी पोचतच नाही. तुमचा फोटो जड आहे, उघडता उघडत नाही. काढा तो."

हात जोडून, माफी मागून चुडामणने फोटो काढला. आठवड्यात साइट ओस पडली.

मग शेजारच्या इंदिराअक्का तरातरा दारात आल्या. "काय रे चुडामण, आपली मुक्ताई कुठी गेली? माझी सुरतची लेक हापिसात रोज दर्शन घ्यायची. तिच्या मैत्रिणीसुद्धा!"

"आणि वेफर्स, अक्का?"

"कसले वेफर्स?"

चुडामणने फोटो परत लावला. लोक पुन्हा येऊ लागले. ते बघायला तो कॅफेत गेला नाही. तळणीची मोठी कढई घासून त्याने माळ्यावर टाकली आणि "आई, आता तूच बघ," एवढंच पुटपुटला.