गंडीपेटच्या अलीकडे

सातवीत शाळा सोडून नगरकडून हैदराबादला आलो, तेव्हा बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात मालकांनी मला ठेवून घेतलं. मी त्यांना काका म्हणतो. आपल्या जुन्या मोटारीवर त्यांनीच मला गाडी शिकवली. तिचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला. म्हणून निघण्याआधी टाकीत काडी बुडवून बघायची, हा पहिला धडा. त्या शिकण्यावर आज माझं घर चालतं.

आता मी दुकानाची पिकअप चालवतो. डिझेल कमी झालं की ती दिवा लावते, मग ओरडते. पट्टा लावला नाही तरी ओरडते. तिचे उपकारच आहेत, पण माझ्यासारख्या भित्र्यालाही तिनं बेफिकीर केलं.

जुनी गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. रविवारी काका म्हणाले, "गंडीपेटच्या तळ्यावर मला एकदा नेऊन आण बाबा." काकू होत्या तोवर दर रविवारी दोघं याच गाडीतून तिथं जायचे.

मी काटा बघितला. अर्धी टाकी. निघालो.

तळं दोनेक मैलांवर राहिलं आणि गाडी आचके देत थांबली. मला काडी आठवली. मागून एक ऑटोवाला ओरडला, "चचा, इसको म्युझियम में रक्खो ना."

"तेरे आटो के अब्बा की उमर है इसकी," काका म्हणाले. "सलाम कर, आगे बढ."

पेट्रोल आणून ओतलं, पण टाकीच्या तळाचा गाळ आधीच इंजिनात ओढला गेला होता. चालू होईना. शेवटी काकांचा मुलगा पिकअप घेऊन आला, दोर बांधला. "बाबा, इकडे एसीत बसा," म्हणाला.

काका ऐकेनात. काकू बसायच्या त्या पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसून राहिले. पिकअपनं आम्हाला शहराच्या दिशेनं ओढायला सुरुवात केली. इंजिनाचा आवाज नाही, नुसती चाकांची घरघर.

मला राहवेना. "काका, चुकलं माझं. उद्या पिकअपमधून नेतो तुम्हाला."

"त्यात ती कुठं बसली होती रे?"

मी त्यांच्याकडे वळलो.

"समोर बघ," ते म्हणाले. "दोर ढिला पडतोय."