मालुबाईची तोंडतपासणी

निपाणीत आमच्या गल्लीतल्या बिड्या वळणाऱ्या बायकांत मालुबाईच्या मिसरीचं मोठं नाव होतं. तव्यावर तंबाखू किती जाळायची आणि कुठल्या क्षणी खाली उतरवायची, हे तिला नाकानं कळायचं. सकाळी बायका तिच्या कट्ट्यावर जमत, चिमूटभर मिसरी घेत आणि तोंडात बोट घालून तासभर गप्पा मारत. तोंडात बोट असताना इतकं बोलता येतं, हे ज्यानं ऐकलं नाही त्याला पटायचं नाही.

मालुबाई साठीची, ठेंगणी, रुंद आणि आपल्या मताची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा प्रशिक बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात, तो शनिवारी यायचा. सून सोनम इथल्याच शाळेत शिक्षिका. सून शाळेत पोरांना गप्प बसवायची आणि घरी आल्यावर स्वतः गप्प बसायची.

विहारात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं तेव्हा सोनमनं सासूचं नाव घातलं आणि उपाशीपोटी जायला बजावलं. मालुबाई उपाशीच गेली. फक्त दोन कप चहा आणि त्यात बुडवून खायला चार कडक बटर. खाणं म्हणजे भाकरी, चहा-बटर म्हणजे खाणं नव्हे, यावर ती ठाम होती. शिवाय डॉक्टर तोंड बघणार म्हटल्यावर ते स्वच्छ असावं म्हणून तिनं रोजच्यापेक्षा दुप्पट मिसरी घासली.

शिबिरात एका मुलीनं तिच्या कमरेला टेप लावला, तर मालुबाईनं बाही जरा सैल ठेवायला सांगितलं. पोटाचा घेर वाढला की साखरेच्या आजाराचा धोका वाढतो म्हणून माप घेतात, असं कळल्यावर तिचा चेहरा पडला. तंबाखू खाता का, या प्रश्नाला तिनं निर्मळ मनानं नाही म्हटलं. तिच्या लेखी तंबाखू बाप्ये खातात, बायका दात घासतात.

डॉक्टर ऋतिका तरुण होत्या. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं आणि आत बॅटरी मारली, तर सगळा काळोख. दोनदा चूळ भरायला लावल्यावर कुठं तोंड दिसलं. मग मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. डाव्या गालाच्या आत, रोज मिसरी साठायची नेमक्या त्याच जागी, एक पांढरा चट्टा होता आणि तो कापसानं पुसून जाईना. दुखत नाही, असं मालुबाई फुशारकीनं म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, असले चट्टे दुखत नाहीत, म्हणूनच माणसं त्यांच्याकडं बघत नाहीत. सगळेच बिघडतात असं नाही, पण काहींचा पुढं कॅन्सर होतो. बेळगावला जाऊन बारीक तुकडा काढून तपासायचा, मिसरी आजपासून बंद, आणि साखरेसाठी पुन्हा यायचं, खरोखरच्या उपाशीपोटी.

घरी आल्यावर मालुबाईनं जाहीर केलं की कापलं की पसरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुकडा काढल्यानं काही पसरत नाही, हे सोनमनं हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. पण आधी जयंती होऊ दे, मग ऊन उतरू दे, मग भाचीचं लग्न होऊ दे, असं चाललं होतं. प्रशिकनं शनिवारी येऊन आवाज चढवला, आईनं वाढलेलं मटण खाल्लं आणि सोमवारी तो कामावर गेला. शेवटी मालुबाईनं एक तोड काढली. घरोघरी मातीच्या चुली, तसे असले चट्टे सगळ्यांच्याच तोंडात असणार. गल्लीभर दाखवून दिलं की डॉक्टरीणबाई गप्प बसेल. सोनमच्या मोबाइलची बॅटरी लावून ती स्वारी निघाली.

गल्लीतल्या बायकांवर असा प्रसंग कधी आला नव्हता. कुणी पीठ मळत होती, कुणी बिडीची पानं कातरत होती. मालुबाई समोर उभी राहायची आणि हनुवटी धरून आ करायला लावायची. यल्लव्वाला वाटलं सरकारी मोजणी आहे, म्हणून तिनं घरातल्या तीन जावांनाही ओळीनं उभं केलं. एकीनं दुखरी दाढ दाखवून औषध विचारलं, तर मालुबाईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून टाकल्या. काळे दात पुष्कळ निघाले, पण चट्टा एकीच्याही तोंडात निघेना. प्रत्येक चांगल्या तोंडागणिक ती चिडत गेली.

राहता राहिली जयाबाई. तंबाखूच्या वखारीत दोघी पोरसवदा असल्यापासून शेजारी बसून काम केलेल्या. जयाबाई किडकिडीत आणि अबोल. तोंड दाखवायला लाज वाटते म्हणाली, पण मालुबाईपुढं कुणाचं काय चाललंय. आत चट्टा दिसला आणि मालुबाईला हर्ष झाला. सापडली एकदाची जोडीदारीण.

मग तिनं बॅटरी जवळ नेली. हा चट्टा तिच्यासारखा नव्हता. लालभडक होता, मधे जखम आणि कडा टणक. कधीपासून, असं विचारल्यावर जयाबाई म्हणाली की पाडव्याच्या आधीपासून भरत नाही, तिखट लागलं की जळतं, म्हणून आमटी सोडलीय. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मालुबाईनं मोबाइल खाली ठेवला. पहिल्यांदा दाढ दुखली तेव्हा जयाबाईच्या तळव्यावर मिसरीची चिमूट कुणी ठेवली होती, हे तिला लख्ख आठवलं.

"जया, मला बेळगावला जायचं हाय," ती म्हणाली. "तुकडा काढत्यात म्हणं. मला एकटीला भ्या वाटतंय गं. तू चल."

जयाबाई बघतच राहिली. वखारीत नाग निघाला तेव्हा सगळ्यांच्या आधी काठी घेऊन धावलेली ही बाई. मालुबाई भितेय, एवढी एकच गोष्ट बघायला ती बेळगावलाच काय, बंगळूरलासुद्धा गेली असती.

सोनमनं रजा टाकली आणि दोघींना बसमध्ये बसवून नेलं. मालुबाईचा तुकडा निर्धोक निघाला. मिसरी मात्र कायमची बंद आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवायचं. साखरही काठावर होती, तेव्हा रोज चालायचं आणि बटर विसरायचं. जयाबाईचा निघाला कॅन्सर. पण तो लहान होता, गळ्यातल्या गाठींपर्यंत गेला नव्हता. आणखी उशीर झाला असता तर जबडाच काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मालुबाई दवाखान्याच्या जिन्यात मोठ्यानं रडली, इतक्या मोठ्यानं की रखवालदार कोण गेलं म्हणून विचारायला आला. कुणी गेलं नाही, वाचलंय, असं सोनमनं त्याला समजावलं.

ऑपरेशननंतर जयाबाईला बरेच दिवस नीट बोलता येत नव्हतं. मालुबाई रोज पेज घेऊन जायची आणि दोघींचं एकटीच बोलायची. एका दुपारी जयाबाईनं तिला हातानं थांबवलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत विचारलं.

"मला न्यायचं म्हणून भ्यायचं सोंग केलतंस, व्हय गं?"

हो म्हटलं असतं तर गल्लीत जन्मभर कौतुक झालं असतं. मालुबाईनं पेज ढवळली.

"न्हाय गं," ती म्हणाली. "खरंच भ्यालतो. तू आलीस म्हणून गेलतो."