बाईंच्या जंगलातला पळस

बाई गेल्या त्या दुपारी मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, आणि खरं सांगायचं तर रागातच होते. ह्यांनी बाईंना जेवायला हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून ते खोलीत गेले. "रेखा, इकडं ये," एवढंच म्हणाले. बाई कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत मान टेकून बसल्या होत्या, चष्मा नाकावर तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंही नसेल. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ह्या कधीच कबूल करणार नाहीत... लाज वाटते लिहायला, पण आला खरा.

विमलबाई माझ्या मोठ्या नणंद. आलापल्लीला वनखात्याच्या कचेरीत अनुरेखक होत्या, म्हणजे जंगलाचे नकाशे उतरवून त्यात रंग भरायचं काम. सागाला एक रंग, बांबूला दुसरा, मिश्र जंगलाला तिसरा. नोकरीभर त्यांनी जंगल रंगवलं आणि आत गेल्या असतील मोजून चारदा. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर चिमूरला आमच्याकडे आल्या. नणंद म्हणजे घरातलं सीआयडी खातं, असं माझी आई म्हणायची. मी पहिल्या दिवसापासून सावध होते, आणि त्याही काही कमी नव्हत्या. डब्यातली साखर कमी झाली की त्या माझ्याकडे पाहायच्या आणि मी त्यांच्याकडे.

आमची पल्लवी नागपूरला शिकायला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात तो ठोकळे रचून जग उभं करायचा खेळ होता. पल्लवीनं आत्याला शिकवला आणि बाईंनी त्यात आलापल्लीचं जंगल लावायला घेतलं. खेळातली तयार झाडं त्यांना पसंत पडेनात. "असा साग असते काय? पानकोबी दिसून राह्यली," म्हणायच्या. मग त्यांनी पानांची चित्रं स्वतः रंगवून खेळात घातली. खरं पान पडद्याला लावून रंग जुळवायचा, अशी पद्धत. थंडीतला तांबूस साग, आणि सगळ्यात जीव ओतून केलेला फुललेला पळस.

आणि पावसाळ्यात तिथंच घोडं अडलं. चित्रात केशरी असलेला पळस खेळात गेला की शेणासारखा दिसायचा. बरं, तेही एकसारखं नाही. आज नदीकाठी मळकट, तर उद्या टेकडीवर आणखीच काळपट. बाईंनी चित्र उघडून पाहिलं की तिथं केशरीच. मग काय, त्यांनी बाहेर येऊन मला विचारलं, "रेखा, तू याले हात लावला काय?"

"मी कायले लावू? मी तं धूळ पुसून राह्यली होती."

"मंग रंग आपोआप बदलते काय?"

त्यांची विचार करायची रीत कचेरीतली. कागद पांढरा असतो, आपण भरू तोच रंग राहतो, आणि बदलला तर कुणीतरी नकाशात ढवळाढवळ केली. दुसऱ्या दिवशी पाहते तर माउसच्या भोवती टेबलावर पेन्सिलीची बारीक खूण. हलवला तर कळावा म्हणून. मी चोर ठरले होते, माझ्याच घरात. मलाही वाटायचं, ह्या स्वतःच बिघडवतात आणि भावाजवळ माझं नाव सांगतात. शेवटी मीच म्हटलं, "मी तुमच्या बाजूला बसते. पाहा मंग कोण बदलवते ते." आणि रोज दुपारी धान्य निवडायला ताट घेऊन मी त्यांच्या खोलीत बसू लागले. पहारा त्यांचा माझ्यावर की माझा त्यांच्यावर, देव जाणे. बसल्या बसल्या त्या दाखवायच्या, हा नाला, हा लाकडाचा डेपो, इथं एकदा अस्वल पाहिलं होतं. मी हं हं करायची. पळस रोज बिघडायचा आणि आम्ही रोज भांडायचो. असं जवळजवळ होळीपर्यंत चाललं.

मग आमच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या मॅडमना मी सहज विचारलं. त्या हसल्याच. म्हणाल्या, "त्या खेळात पानाच्या ठोकळ्यावर खेळ आपला हिरवा चढवते, वरून. जागा बदलली की तो हिरवाही बदलते. केशरीवर हिरवा चढला तं मळकाच दिसन ना. पळसाले पानाचा ठोकळा घेऊच नका, लोकरीचा घ्या."

म्हणजे मी सुटले. घरी येऊन लगेच सांगायला हवं होतं... नाही सांगितलं. म्हटलं, आधी बाईंनी म्हणावं की रेखा, माझं चुकलं. तोवर मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. पहिल्या दुपारी त्यांनी आतून हाक मारली, "रेखा, आज तं पळस पारच काळा झाला. येऊन पाह्य." मी म्हटलं, "होऊ द्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तांदूळ निवडायचे नाईत काय आज?" मी ताट घेऊन स्वयंपाकघरातच बसले. असे सात दिवस गेले, आणि आठव्या दिवशी त्या गेल्या.

बाईंच्या मागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पल्लवी आली होती. पाहुणे गेल्यावर तिनं कॉम्प्युटर लावला. मी दारातून सांगितलं, आत्याचा पळस तेवढा नीट करून दे, लोकरीचा ठोकळा घे म्हणे. ती वळली. "आई, तो तर आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच केला होता." तिनं दुसरं जंगल उघडलं. यादीत पहिल्याच्या खालीच होतं, मला कधी न दाखवलेलं. नाल्याच्या दोन्ही काठांनी पळस फुलला होता, गर्द केशरी, एकही झाड मळकं नाही. "आत्याले तेव्हाच समजलं होतं, रंग खेळच चढवते म्हणून. तिनं तुले सांगितलं नाई?"

नाही सांगितलं. मी संशयी बाई आहे, त्यामुळे महिनाभर मी हेच घोळवते आहे, की बिघडलेलं जंगल त्या रोज मुद्दाम का उघडायच्या. उत्तर शोधायला काही लांब जावं लागत नाही. दिवाळीपासूनच माझ्यावर आळ नव्हता. तरीही त्या सातही दुपारी त्यांनी मला हाक मारली, आणि मी स्वयंपाकघरात, दहा पावलांवर, माफीची वाट पाहत बसले होते.