तेल लावलेली डिस्क

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, साखरशेतमधल्या आमच्या घराच्या ओटीवर मी धाकट्या भावाचा उजवा हात मोडला. सायकलच्या सीटच्या दांड्याने. त्याच दुपारी मी गाव सोडलं. याला तीन वर्षं झाली.

त्याआधी एकदा मी गाव सोडलं होतं, पण ते नोकरीसाठी. ठाण्यात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातम्या तपासण्याच्या कामावर. तेव्हा आई आणि बाबा जव्हारच्या स्टँडपर्यंत आले होते आणि माझी बॅग काशिनाथने उचलली होती. काशिनाथ म्हणजे हाच भाऊ.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे. माझ्यासारखे भिवंडी, ठाणे, नाशिकला गेलेले आणि परत जाता न येणारे जे आहेत, त्यांच्यासाठीही. पाड्यावर या घटनेच्या तीन-चार हकिकती फिरतात. घडलं ते असं.

सायकल ठाण्यात जुनी घेतली. हार्डटेल माउंटन बाइक, म्हणजे पुढे शॉक आणि मागे सरळ फ्रेम. ती डोंगरातल्या पायवाटांसाठी बनवलेली होती, मला ती कचेरीला आणि गावाला जायला हवी होती. उठावदार गोट्यांचे जाड टायर काढून मध्यभागी गुळगुळीत असलेले टायर घातले. पुढचा शॉक डांबरी चढावर ताकद खायचा. तो काढून साधा लोखंडी फोर्क बसवला. मागे कॅरिअरसाठी फ्रेमला भोकं नव्हती, म्हणून नळीला रबर लावून पट्ट्या आवळल्या. पेडलजवळच्या तीन दातेरी चक्रांपैकी एकच ठेवलं. ठाण्यात सायकली चोरीला जातात, त्यामुळे सीट बोटांनी उघडणाऱ्या खिटीवर ठेवली. खिटी उघडली की दांड्यासकट सीट हातात येते आणि मग सायकल न्यायला कोणी धजत नाही. इमारतीखाली सायकल लावायची आणि सीट घेऊन जिना चढायचा, ही सवय तिथलीच.

वाडा, विक्रमगड करत महिन्यातून एकदा मी तिच्यावरून घरी जायचो. पहाटे निघालो की दुपारच्या जेवणाला पोचायचो. चेन दर वेळी डिझेलने धुवायचो. ब्रेकच्या डिस्कला मात्र स्पिरिटशिवाय काही लागू द्यायचो नाही, तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक धरत नाही. हे घरात कोणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. ही माझी चूक.

त्या दसऱ्याला मी पोचलो तेव्हा रस्त्याच्या धुळीने दोन्ही डिस्क किरकिरत होत्या. संध्याकाळी काशिनाथशी भांडण झालं. बाबांच्या नावावरच्या वनपट्ट्यावर, म्हणजे वनहक्कात मिळालेल्या जमिनीवर, पुढे कोणाकोणाची नावं लावायची, हा विषय होता. भात, नाचणी, राब भाजणं, कापणी, सगळं तोच करत होता. तो म्हणाला, "दादा, तू पाहुणा हायस. पाहुण्याचं नाव जमिनीवर कशाला?" मी म्हणालो की या जमिनीतलं मीही खाल्लंय. त्यावर तो म्हणाला, "खाल्लंस ना? मग एक दिवस ती सायकल तुला खाईल." बाबा हसले. मीही हसलो.

सकाळी मी मोखाड्याला निघालो. तिथे बहिणीचं सासर आहे. जव्हारपर्यंतच्या चढावर ब्रेक फारसे लागलेच नाहीत. पुढे पहिल्या मोठ्या उतारावर दोन्ही लिव्हर दांडीला टेकेपर्यंत दाबले, तरी वेग कमी झाला नाही. वळणावरच्या दगडी कठड्यावर मी तोंडावर आपटलो. पुढचे दोन दात गेले, डाव्या कोपरावरचं कातडं हाडापर्यंत सोललं. उठून डिस्कवर बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. वास मोहाच्या बियांच्या तेलाचा होता.

एका शेअर जीपवाल्याने सायकल टपावर घेतली. सीट आड येत होती म्हणून मी ती काढून हातात धरली. घरी पोचलो तेव्हाही ती हातातच होती.

काशिनाथ ओटीवर कोयत्याला धार लावत होता. मी विचारलं, तेल का लावलंस. तो म्हणाला, "मी हात लावला नाय." दुसरा प्रश्न मी विचारला नाही. कचेरीत एकाच माणसाच्या सांगण्यावर आलेली बातमी मी परत पाठवायचो. इथे एकानेही काही सांगितलं नव्हतं.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा अडवायला त्याने उजवा हात वर केला आणि मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज झाला. तिसरा कुडाच्या भिंतीवर बसला आणि शेणमातीचा पोपडा पडला. त्याने डाव्या हाताने कोयता उचलून माझ्या मांडीवर मारला. पुढे सात टाके पडले. तो पुन्हा उगारत होता तेव्हा बाबा मधे आले आणि पात्याने त्यांचा तळवा कापला. ओटीवर तिघांचं रक्त होतं.

आई तेवढ्यात नाचणीच्या शेतातून आली. कोणी काय केलं हे तिने विचारलं नाही. माझ्या तोंडून तेल हा शब्द ऐकला आणि ती खाली बसली.

"मी लावलं," ती म्हणाली. "कोयता, कुऱ्हाड, नांगर, सगळ्यांना तेल दिलं. तुझी चकती किरकिरत होती रे. तिला कोरडी कशी ठेवू?"

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं धुऊन, तेल लावून पुजतात. डिस्कवर तिने हळदीकुंकवाची बोटंही लावली होती. उतारावर ब्रेक दाबताना ती पुसली गेली असावीत. सकाळी मी पाहिली नव्हती.

बाबा हाताला फडकं गुंडाळत म्हणाले, "कापणीचा हात होता तो. आता निघ."

नाशिकच्या दवाखान्यात काशिनाथच्या हाडाला धातूची पट्टी बसवली. पडलो, असं त्याने तिथे सांगितलं. पोलिसात तक्रार झाली नाही. त्याचं मनगट वळत नाही आणि मुठीत जोर नाही. त्या वर्षीचं भात शेजाऱ्यांनी कापलं. पुढच्या दसऱ्याला आईने एकाही हत्याराला तेल लावलं नाही, असं बहिणीकडून कळलं.

आता माझं घर जव्हारच्या स्टँडवर संपतं. आई तिथे येते, आम्ही बाकावर बसतो, ती परतीच्या जीपने जाते. कधी मी एकटाच जव्हारबाहेरच्या शिरपामाळाच्या टेकडीपर्यंत चढतो आणि उतरतो.

त्या दुपारी माझ्याबरोबर ठाण्याला आलेली ती सायकल या उन्हाळ्यात मी पुन्हा उघडली. दोन्ही ब्रेकच्या केबल एकाच डाव्या लिव्हरला जोडल्या. गिअरचा खटका डावीकडे आणला. कॅरिअर रुंद केलं, भाताचा भारा बसेल एवढं. बहिणीच्या नवऱ्याने ती साखरशेतला पोचवली. कोणाची, हे त्याने सांगितलं. काशिनाथने डाव्या हाताने कुऱ्हाड घेतली आणि मागच्या चाकावर घातली. चार घाव, आई म्हणाली. मग दम लागून तो खाली बसला. सायकल अंगणात पडून राहिली.

गेल्या सोमवारी जव्हारच्या सायकल दुकानदाराचा फोन आला. काशिनाथ मागचं चाक खांद्यावर घेऊन आला होता. नवी रिम आणि सगळे स्पोक हवे होते. स्पोकचं माप दुकानदाराला ठाऊक नव्हतं. काशिनाथने त्याला माझा नंबर दिला होता.

मी सांगितलं, उजवीकडचे दोनशे नव्वद मिलिमीटर, डावीकडचे दोनशे ब्याण्णव. त्याने ते लिहून घेतलं.