गुलाबांच्या राखणीला बसवलेला देव

चहा घ्या आधी, आणि हसणार असाल तर कप खाली ठेवून हसा. जन्मभर मी धुळ्यातल्या यच्चयावत माणसांना टोप्या घातल्या. पण एकदा देवाला मध्ये घेतलं आणि काय सांगू महाराजा, असा तोंडावर आपटलो!

राज्य इंग्रजाचं होतं. आमच्या गावाला तेव्हा वास दोनच. एक कापसाच्या जिनातल्या सरकीचा, दुसरा तापलेल्या धुळीचा. गावच्या बागेत गुलाबाचे वाफे झाले आणि तिसरा वास आला. तोही फुकट! अत्तर लावणारा वकील आणि डोक्याला कापूस चिकटलेला जिनातला हमाल, दोघं एका बाकावर बसून नाक वर करायचे. मीही रोज संध्याकाळी जायचो. घरात मला कोणी बोलू देत नसे, तिथं ऐकणारे भेटायचे.

पण आपले लोक! नुसत्या वासावर त्यांचं भागतंय होय? एक फूल पागोट्यात, दोन बायकोला, चार गुलकंदाला. सखा माळ्याचा ओरडून ओरडून घसा बसला. एक दिवस बघतो तर गडी वाफ्यात डोकं धरून बसलेला.

"काय रे सखाभाऊ, कोणी गेलं का?"

"मीच चाललोय, नाना. रविवारी बागकमिटीचे आप्पासाहेब येताहेत. झाडावर फूल दिसलं नाही तर मला घरी बसवणार. चार पोरं आहेत. खाऊ काय घालू? काटे?"

"पाटी लाव की, फुलं तोडू नका म्हणून."

"लावली होती. तिच्यावर लोक धोतरं वाळत घालतात!"

मी मराठी तिसरी पास, तीही मास्तर कंटाळले म्हणून. पण डोकं चालायचं हो! म्हटलं, आपला माणूस पाटीला भीत नाही, पोलिसाला थोडा भितो आणि शेंदराला पुरता भितो. भिंतीला शेंदूर फासला की तिथं कोणी थुंकतं का? मग! पांझरा नदीतला एक गुळगुळीत दगड आणला, शेंदूर फासला आणि पहाटेच मधल्या वाफ्यात नेऊन बसवला.

दोन दिवस वाफ्याकडे वाकडा डोळा करून बघायची कोणाची छाती झाली नाही. झाडं फुलांनी लालेलाल! सखा माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता.

तिसऱ्या दिवशी भाजीवाली ठकूअक्का आली. दगडाला हात जोडले, आजूबाजूला बघितलं आणि सगळ्यात मोठं फूल खुडून देवाच्या डोक्यावर ठेवलं!

"अक्का, फूल कशाला तोडलं?"

"मंग? देवले काय काटा वाहू?"

अहो, देव बसवला, पण देवाला फूल लागतं हे या टाळक्यात आलंच नव्हतं! आधी लोक चोरून एक तोडायचे. आता उजळ माथ्यानं पाच-पाच! कोणी म्हणे म्हसोबा, कोणी म्हणे मारुती. देवाचं नाव ठरेना, पण देव जागृत आहे यावर बठ्ठ्या, अख्ख्या गावाचं एकमत. शनिवारपर्यंत झाडांवर नुसती पानं, आणि दगड गुलाबांखाली दिसेनासा झालेला.

रविवारी आप्पासाहेब आले. वाफे बघितले, मग सखाकडे बघितलं. सखा खुरपं टाकून माझ्यामागे सरकला. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? पण ती चार पोरं डोळ्यांपुढे आली ना!

"साहेब, माळ्याचा दोष नाही. हा दगड मी ठेवला. शेंदूरही मीच फासला. देवबिव काही नाही."

तेवढ्यात ठकूअक्का टोपली टाकून पुढे आली. "ओ नाना, तू कोन ठेवनार? देवनी तुनाकडथीन ठेवाडी लिधा!"

"अगं अक्का, देवानं कुठला ठेवून घेतला, नदीतून मी उचलला!"

"नदीमा हज्जार दगड व्हतात. हाऊच काबर उचला?"

म्हणे हजारातला हाच का उचलला! जन्मभर थापा मारल्या, त्या गावानं खऱ्या मानल्या. एकदाच खरं बोललो, तर एक माणूस विश्वास ठेवेना!

आप्पासाहेब हुशार. त्यांनीही दगडाला हळूच हात जोडले. म्हणाले, "माळी राहील. देवाला फाटकाबाहेर लिंबाखाली न्या, तिथं लोक बाजारातला झेंडू आणून वाहतील. आणि नाना, देवानं तुमच्याकडून एवढं करून घेतलं, तर वाफ्यांना पाणीही घालून घेईल. रोज. नवी फुलं येईपर्यंत!"

दगड उचलला मी. विहिरीचं पाणी ओढलं मी. आणि बाकावर बसून "नाना, तो कोपरा राहिला" म्हणणारा कोण? सखा!

अखेर झाडांनी पुन्हा कळ्या धरल्या. त्या दिवशी कंबर धरून घरी आलो, तर बायको कधी नव्हे ती खुशीत.

"अहो, त्या लिंबाखालच्या देवाला मी नवस बोलून आले."

"काय बोललीस?"

"तुम्हाला अक्कल आली, की बागेतले एकशे एक गुलाब वाहीन."

याला आता कितीतरी वर्षं झाली. बागेतल्या एकाही फुलाला तिनं अजून हात लावलेला नाही!