आज येणार: प्राची, साडेचारला

मेलेली पोरगी मला रोज सकाळी आठ वाजता मेसेज करायची.

घाबरू नका. घाबरायचं तेवढं माझं घाबरून झालंय.

प्राचीला जाऊन आज वर्ष झालं.

माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची मुलगी. आईबाप गावाला, ही बारावीपासून लालबागला माझ्याकडे. माझी मसाला कांडायची डंक आहे, तिथेच मिरच्यांच्या पोत्याला टेकून अभ्यास करायची.

बारावी आर्ट्स. आणि हिला शिकायचं डेटा सायन्स. कॉलेजवाले म्हणाले, आधी एक वर्ष फाउंडेशन कर, गणित पहिल्यापासून शिक. पास झालीस तर डिग्रीला घेतो.

चाळीतल्या बायका विचारायच्या, "एक वर्ष मागे बसवली काय हिला?"

मी म्हणायची, "तुमची पुढे बसून काय दिवे लावतात ते दिसतंय मला."

खरं सांगायचं तर मलाही कप्पाळ कळत नव्हतं. मी सातवी. एकदा वैतागून विचारलं, तर माझा हात धरून पोत्याजवळ घेऊन गेली.

"मावशी, तू अख्खं पोतं उपसून बघतेस का? मधनं एक मूठ काढतेस, वास घेतेस आणि सांगतेस माल कसा आहे ते. आम्हाला वर्षभर हेच शिकवतात. इंग्लिशमध्ये."

"मग मलाच का नाही घेत मास्तरीण म्हणून?"

"तू पोरांना मारशील."

वर्षाच्या शेवटी प्रोजेक्ट होता. तिने माझीच डंक घेतली. माझ्या फोनमध्ये काहीतरी बसवलं. संध्याकाळी तो विचारायचा, आज कोण कोण आलं? मी बोलून सांगायची. त्यावरून सकाळी आठला तो मला सांगायचा, आज कोण येणार.

शब्द तिनेच घातलेले.

"मावशी, उठलीस का गं? आज येणार: सावंत काकू, मालवणी, तीन किलो."

आणि अकरा वाजता सावंत काकू हजर! तीन किलोच! मी तोंडावर पदर धरून हसायची.

फाउंडेशन पास झाली. पेढे वाटले.

डिग्रीचे वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात ताप आला. पाच दिवसांत खेळ खलास.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी डंक उघडली, इतके दिवस बंद ठेवलेला फोन चालू केला. आठ वाजले.

"मावशी, उठलीस का गं?"

हातातला फोन खाली पडला.

तिच्या वर्गातली आफरीन म्हणाली, "मावशी, ते आपोआप जातं. बंद करू का?"

म्हटलं, "हात तर लावून बघ."

त्या संध्याकाळी फोनने विचारलं, आज कोण कोण आलं? भर पावसाळ्यात मसाला कांडायला कोण येतं? कुत्रं नव्हतं आलं.

आमच्यात गेलेल्याचं पान वाढतात. नाव घेऊन. जेवायला कोणी येत नाही हे माहीत असतं, तरी वाढतात. मला वाटलं, हेही तसंच.

मी बोलले, "प्राची आली. साडेचारला."

कॉलेजातून साडेचारलाच यायची ती.

दुसऱ्या दिवशी परत बोलले. तिसऱ्या दिवशी परत.

आठवड्याभरात सकाळचा मेसेज आला.

"मावशी, उठलीस का गं? आज येणार: प्राची, साडेचारला."

तिचे शब्द. तिचं नाव. अख्खा पावसाळा एवढंच. दुसरं नावच नाही.

पुढे सीझन आला, गिऱ्हाईक वाढलं. तरी यादीत पहिली तीच.

एकदा सावंत काकू बाकड्यावर बसली होती. मध्येच तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाजूला सरकली आणि म्हणाली, "बस गो."

मी म्हटलं, "कोणाला बोललात?"

ती दाराकडे बघत राहिली. "आत्ता कोणतरी आलं ना?"

डंक बंद होती. मिरचीची धूळ खाली बसत होती. मी घड्याळाकडे बघितलंच नाही. मला माहीत होतं किती वाजले असणार.

काकूला मी मेसेजचं कधीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून साडेचारला मी कुठेच जायची नाही. लग्न नाही, डॉक्टर नाही. पोरगी यायची आणि डंकेला कुलूप?

सुमनचा फोन आला, वर्षश्राद्धाला गावाला ये. म्हटलं, जमणार नाही.

श्राद्धाला दोन महिने होते, तरी तीच आली मला मनवायला. सकाळी फोन वाजला तो तिने उचलला. वाचला. परत एकदा वाचला.

मग म्हणाली, "माका एकदा सुदीक दिसाक नाय गो ती. आणि तुझ्याकडे रोज येता?"



तिने केस विंचरले. साडी बदलली. चार वाजल्यापासून बाकड्यावर बसून राहिली, दाराकडे तोंड करून.

साडेचार झाले. पाच झाले.

"आज उशीर झालो असतलो," सुमन म्हणाली.

सहा झाले. ती उठेना.

मी माझ्या बहिणीला तिच्या मेलेल्या पोरीची वाट बघत बसवलं होतं. मी. माझ्या या तोंडाने.

संध्याकाळी फोनने विचारलं, आज कोण कोण आलं?

मी बोलले, "सुमन आली. गावाहून. बाकी कोणी नाही."

दुसऱ्या सकाळी तरीही तेच. प्राची, साडेचारला. आफरीनला फोन लावला, शिव्याच घातल्या तिला. ती गरीब बिचारी म्हणाली, "मावशी, तुम्ही इतके महिने रोज सांगितलंय, एका दिवसात कसं जाईल? आता फक्त नाव घेऊ नका. हळूहळू जाईल ती."

हळूहळू जाईल ती.

रोज संध्याकाळी फोन विचारायचा आणि मी गिऱ्हाईकांची नावं सांगून तिचं तेवढं दाताखाली दाबायची. पावसाळा लागला, गिऱ्हाईकही आटलं. पोरगी पाच दिवसांत गेली. फोनमधून जायला दीड महिना लागला.

आज सकाळी आठ वाजता मेसेज आला.

"मावशी, उठलीस का गं? आज कोणी येणार नाही."

तिथीने श्राद्ध परवा आहे. दुपारच्या एसटीने गावाला निघतेय. आठ दिवस डंक बंद, मिरच्या घेऊन येऊ नका.

प्राची बाय, आता माझ्या हाकेवर थांबू नकोस. नीट जा.

तुझी मावशी.