चाखून बघणारी शोभावहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते. "शोभा उठत नाहीये गं," एवढंच तो म्हणाला. वहिनी जेवून जरा आडवी झाली होती, ती उठलीच नाही... झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण ते नंतर. रिक्षातून इंदिरानगरला दादाच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आज जेवणात काय होतं? सख्खी भावजय गेली आणि मला आधी भाजी आठवावी, याचं बाहेरच्यांना नवल वाटेल. आमच्या घरात मात्र ही भीती काही वर्षांपासून मुक्कामाला आहे.

शोभावहिनी कळवणकडच्या खेड्यातली. नव्वदच्या दशकात लग्न होऊन आली, तेव्हा दादा अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागला होता. आम्ही तिला भित्री भागूबाई म्हणायचो. ती लिफ्टला भ्यायची, कुकरच्या शिट्टीला भ्यायची आणि अन्नाला तर फारच. द्राक्षं आणली की फवारणीच्या धास्तीने मिठाच्या पाण्यात इतका वेळ बुडवून ठेवायची, की पाहुणा उठून गेल्यावर ती बशीत यायची. बटाटा जरा हिरवट दिसला की गेला कचऱ्यात. हाताला चव मात्र अशी, की नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं खायला मी मुद्दाम तिच्याकडे जायची. शेवग्याचा पाला लसणावर परतून वाढायची. "ह्या पाल्यात लय जोर असतो वन्सं, आमच्याकडं बाळंतिणीला देतात," म्हणायची. दुधीची सालंसुद्धा वाया जात नसत, तीळ घालून त्यांची चटणी व्हायची. फक्त दुधी असो, दोडका असो की काकडी, चिरण्याआधी देठाकडची चकती कापून ती स्वतः चावून बघणार. माहेरची रीतच तशी. वेलावरचं एखादं फळ कडू निघतं आणि बाहेरून ते कळत नाही. आम्ही हसायचो, ती चावत राहायची.

पुढे दादाला हृदयविकाराचा झटका आला. तो वाचला, पण पार धसका घेऊन घरी आला. जिना चढताना छातीवर हात ठेवायचा. जॉगिंग ट्रॅकवर त्याला कुणीतरी सांगितलं, रोज उपाशीपोटी दुधीचा रस घ्या, नळ्या मोकळ्या होतात. तेव्हा ते खूळ सगळीकडेच होतं. दादाने डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा त्या रसावर भिस्त ठेवली. वहिनी चकती चाखायची, मगच दुधी मिक्सरला लावायची.

एके सकाळी मी तिथेच होते, त्यांच्याकडे राहायला गेले होते. वहिनीने चकती तोंडात टाकली आणि लगेच बेसिनमध्ये थुंकली. "कडू हाय. आज नको," ती म्हणाली. दादा हसला. "औषध कधी गोड असतं का? पाडव्याला कडुनिंब खातोच ना आपण? कडू म्हणजे जास्त गुणाचं." आपल्याकडे हे कुणालाही पटतं. कारलं, मेथी, काढा, सगळ्यांबद्दल आपण हेच ऐकत वाढलो. वहिनी विनवत राहिली. त्यावर दादा एकदम गंभीर झाला, "एक दिवस चुकला आणि पुन्हा दुखलं तर? तू जबाबदार?" त्याने स्वतःच मिक्सर लावला. दोन-तीन घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण पेला खाली ठेवला नाही. वहिनीने तो पेला हिसकावून घेतला, "मग मीबी पिते," म्हणाली आणि आमच्यादेखत तळापर्यंत पिऊन टाकला.

थोड्याच वेळात दोघांच्या पोटात मुरडा सुरू झाला, मग उलट्या. वहिनीच्या उलटीत रक्त दिसलं तेव्हा मी रिक्षा बोलावली. दवाखान्यात दोन पलंगांमध्ये मी उभी होते, दोघांचंही रक्तदाब मोजणारं यंत्र बघत. कुणाकडे आधी धावावं ते कळत नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. दुधी कडू निघाला तर ते विषच असतं, साखर घालून किंवा शिजवूनही ते जात नाही, असं डॉक्टर सांगत होते. वहिनी शुद्धीवर यायची, "त्यांचं काय?" विचारायची आणि पुन्हा गुंगीत जायची... दोघंही वाचले. वहिनीला बरं व्हायला जास्त दिवस लागले.

नंतर मी तिच्यावर चिडले होते. प्यायचा कशाला, ओतून द्यायचा होता. ती म्हणाली, "ओतला असता तर उरलेल्या फोडी मिक्सरला लावल्या असत्या त्यांनी, वन्सं. मला पिताना बघून हात थांबला." मग हसून म्हणाली, "भ्याले होते म्हणून पिले. धीट असते तर भांडले असते." मी त्यानंतर तिला भित्री म्हटलं नाही. तिच्याइतकं शूर माणूस आमच्या घराण्यात दुसरं झालेलं नाही.

तिच्या जाण्याचा आणि त्या रसाचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलंय. तो मान डोलावतो, पण त्याला ते पटत नाही. परवा मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने स्वतः स्वयंपाक केला होता. मुगाची डाळ घालून दोडका, आणि वेड्यावाकड्या पोळ्या. मी घास उचलला तर त्याने माझं मनगट धरलं. "थांब जरा." माझ्या ताटातल्या भाजीचा घास त्याने आधी स्वतः खाल्ला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. मीही बसून राहिले. पोळ्या गार झाल्या. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "जेव आता. मला काही झालं नाही."

आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच दादा रडला.